कडूबाईच्या ओव्या आणि रिकामं जातं

मित्रांनो, दारामागे भिंतीला टेकवून ठेवलेलं दगडी जातं तुम्ही पाहिलं असेल. तेच मी. पोखर्णीजवळच्या एका वस्तीत माझं सगळं आयुष्य गेलं.

पाथरवटानं मला घडवलं तेव्हा मी भलताच खरबरीत होतो. कडूबाई आणि बायनाबाई या दोघींनी मला वळण लावलं. कडूबाई ख्रिस्ती मंडळीची प्रचारिका. तिला वाचता येई, पण ती शिकवी ते ओव्यांतून. ओवीची पहिली ओळ बायनाबाईची, दुसरी कडूबाईची. बायबलात बिननावाच्या बाया पुष्कळ आहेत. गावात कुणी बाई वारली की कडूबाई तिचं नाव त्यांतल्या एकीला देई. ते नाव दुसऱ्या ओळीत येई, म्हणून कुठलं नाव कुणाला दिलं, हे फक्त कडूबाईच्याच ध्यानात राही. दोघींचं दळण ऐकायला बाया उंबऱ्यात बसत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग गिरणी आली, कडूबाई वारली आणि माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली.

१९८६ साली सोनपेठची सत्यशीला आली. ती दूरच्या एका बाप्टिस्ट सेमिनरीत स्त्री-अभ्यासात एम.ए. करत होती. प्रबंधाचा विषय कडूबाईच्या ओव्या. बायनाबाईला तिच्या वाट्याच्या ओळी तेवढ्या येत होत्या. तिच्या मार्गदर्शक सरांनी पत्रात बजावलं होतं की अर्ध्या ओव्यांवर प्रबंध स्वीकारता येणार नाही. मुदतीला पंधरा दिवस उरले होते; ती हुकली तर दोन वर्षं पाण्यात. त्यात नामांतराच्या आंदोलनामुळे एसटी बंद पडली आणि पोरगी वस्तीवरच अडकली.

दुपारी ती बायनाबाईला म्हणाली, "मावशी, जात्यावर बसलं की आठवेल. पण दाणे नको टाकू. टेप सेमिनरीचा हाय, पीठ आत गेलं तर बिघडंल."

"रिकामं जातं फिरवू न्हाई, पोरी. ते माणूस मागतं."

"मावशी, माझं लय नुकसान होईल गं."

म्हातारी विरघळली. दोघी समोरासमोर बसल्या, टेप सुरू झाला. माझा दगड दगडावर घासला आणि मला शहारे आले. बायनाबाईनं ओळ धरली:

"विहिरीच्या काठी बाई, पाणी येशूला पाजिते..."

सत्यशीलाचे ओठ मिटलेले होते. तरी तिच्याच बाजूनं दुसरी ओळ आली:

"नाव तिचं चांगुणा गं, कुनी तिला न पुसते."

खुंट्यावर दोन हात होते, मित्रांनो. मला मात्र तिसरा कळला. गार, अंगठ्याला घट्टा पडलेला. तो हात मी तीस वर्षं ओळखत होतो. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी भ्यालो.

बायनाबाईच्या डोळ्यांना धार लागली, पण ती थांबेना. ओळीमागून ओळ, नावामागून नाव. सगळी गावातल्या मेलेल्या बायांची. सत्यशीला घामानं भिजली होती, पण तिचे डोळे चमकत होते. प्रबंध पुरा होत होता ना! मग बायनाबाई गायली:

"ज्ञान ऐकायाला आली दूरदेशीची ती राणी..."

"नाव तिचं सत्य..."

"कडूबाई, न्हाई! पोरगी जित्ती हाय!" म्हातारी ओरडली. तिनं शेजारच्या टोपलीतले मूठभर दाणे माझ्या तोंडात कोंबले. ज्वारी भरडली गेली आणि गाणं तिथंच तुटलं. खुंट्यावर पुन्हा दोनच हात उरले.

सत्यशीलानं प्रबंध वेळेत दिला. शेवटची ओवी तिनं अर्धीच लिहिली. परीक्षकांनी ती पुरी करायला सांगितलं, तेव्हा तिनं गुण कापून घेतले, पण लेखणी उचलली नाही. तिला पदवी मिळाली. आज ती कुठल्याशा गावात मुलींना शिकवते, असं ऐकतो.

बायनाबाईही आता नाही. लोक मला दारातली शोभा म्हणून धुऊनपुसून ठेवतात. मुलं गंमत म्हणून खुंट्याला हात घालतात आणि माझा जीव खालीवर होतो. त्या दिवशी गाणं तुटलं, पण त्या नावाची उरलेली अक्षरं अजून माझ्या दोन दगडांच्या मध्ये अडकून आहेत. मला जरूर फिरवा, मित्रांनो. फक्त आधी मूठभर दाणे घाला. सत्यशीला अजून जिवंत आहे.