सुतारची उत्तरं

“हा माणूस काहीतरी लपवतोय,” ती म्हणाली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली न घेताच विचारलं, “आजचा कोण?”

“तोच. सुतार.”

“अजून तोच? आपल्या लग्नाच्या वेळी तुझ्या बाबांनीसुद्धा माझी एवढी चौकशी केली नव्हती.”

“केली असती तर बरं झालं असतं,” ती म्हणाली आणि पुन्हा संगणकाच्या पडद्यात डोकं घातलं.

ती लिफ्ट तपासणाऱ्या खात्यात होती. दिवसभर लोकांच्या इमारतींतले दोर आणि ब्रेक तपासून प्रमाणपत्रं द्यायची आणि स्वतः जिन्याने खाली उतरायची. सुट्टीच्या दिवशी तीच नजर घेऊन ती एका कंपायलरवर बसायची. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात उतरवून देणारा तो प्रोग्रॅम. कुणा कंपनीच्या मालकीचा नव्हता. ठिकठिकाणची माणसं तो हौसेने, फुकट बनवत होती. बदल कुणीही पाठवावा, पण बांधणीच्या, म्हणजे कंपायलर जोडून तयार करण्याच्या, भागातला बदल तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय आत येत नसे. तिथे तिला सगळे चाळणी म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

सुतार हेही तिथलंच टोपणनाव. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याचा बदल साधा दिसत होता, आणि साध्या दिसणाऱ्या गोष्टींवर तिचा मुळीच विश्वास नव्हता. एका स्वस्तातल्या, वहीएवढ्या यंत्रावर हा कंपायलर चालावा, एवढंच त्याचं म्हणणं. यंत्र इतकं दुबळं की कंपायलर त्याच्यावर बांधता येत नव्हता. प्रकल्पाच्या मोठ्या संगणकावर बांधून तिकडे न्यायचा. अडचण तिथेच होती. बांधणी चालू असताना यंत्राला काही प्रश्न विचारले जातात: तू आकडे कसे साठवतोस, मेमरी कशी वापरतोस. यंत्रच समोर नसेल तर विचारणार कुणाला? म्हणून उत्तरं आधीच लिहून ठेवावी लागतात. ती सुतारने लिहिली होती, आणि त्यातलं एक उत्तर यंत्राच्या छापील माहितीशी जुळत नव्हतं.

मुद्दाम घातलेलं एक खोटं उत्तर पुरे होतं. त्या फटीतून उद्या कुणीही, हा कंपायलर वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरात शिरला असता.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?” तिने त्याला लिहून विचारलं होतं.

“यंत्रानेच, ताई. चालवून पाहिलं.”

ताई म्हटल्यावर तर ती आणखीच सावध झाली. पुरावा मागितला, तर त्याने पडद्यावरचा सगळा मजकूर उतरवून पाठवला. टाइप काय, कुणीही करतं. तिने तेच प्रश्न उलटसुलट करून विचारले. उत्तरं तीच आली, ना राग ना कंटाळा. एवढी सहनशक्ती सरळ माणसाकडे असते कुठे, असं तिला वाटलं.

मग मास्तरांचा फोन आला. कंपायलर सुरू केला तो या निवृत्त शिक्षकांनी, आणि फोन करून तिला रात्री बारा वाजेपर्यंत जागं ठेवणारे जगात तेवढेच होते.

“अगं, किती ताणशील? त्या यंत्रातलं कळणारा आपल्याकडे तो एकच आहे. तो गेला की हे काम बुडालं.”

“यंत्र माझ्या हातात येऊ दे, मास्तर. मग हो म्हणते. त्यालाही तसंच कळवलंय.”

पुढच्या आठवड्यात पार्सल आलं. तिने ते उघडलं नाही. मागितल्याबरोबर यंत्र पाठवणारा माणूस तिला न पाठवणाऱ्यापेक्षा वाईट वाटला. आत काय भरून ठेवलंय कुणास ठाऊक. खोकं चपलांच्या कपाटावर पडून राहिलं.

“कान लावून बघ,” नवरा जाता-येता म्हणायचा, “टिकटिक ऐकू येते का.”

त्याच सुमारास सुतार गप्प झाला. संदेश नाही, विचारपूस नाही. तिने स्वतःच मास्तरांना फोन लावला.

“पाहिलंत? पकडला जाईल म्हणून पळाला. मी म्हणत नव्हते?”

मास्तर म्हणाले, “पळाला नाही गं. परवाच दुकानातल्या फोनवरून बोलला माझ्याशी. त्याच्याकडे ते एकच यंत्र आहे. ते तुझ्या घरी आहे. लिहिणार कशावर?”

“मग मला का नाही सांगितलं त्याने?”

“सांगितलं असतं, तर तुला त्यातही डाव दिसला असता.”

तिने फोन ठेवला आणि खोकं टेबलावर आणलं.

यंत्राचा एक कोपरा चिकटपट्टीने जोडलेला होता. काही अक्षरं घासून पार गेली होती. तिने ते इंटरनेटला न जोडता सुरू केलं आणि पासवर्ड मागेल म्हणून थांबली. त्याने मागितलाच नाही. सुतारने कुलूप घातलंच नव्हतं. तिने प्रश्न एकेक करून यंत्रालाच विचारले. सगळी उत्तरं सुतारने लिहिली होती तीच आली. चूक छापील माहितीत होती. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिला स्वतःची लाज वाटली.

शेवटची चाचणी इंटरनेट जोडून करायची होती. तीही पार पडली. मग तिने आपल्या संगणकावर सुतारला लिहिलं: “तुमचं उत्तर बरोबर होतं. मी उगाच संशय घेतला. माफ करा. बदल मंजूर आहे.” असं तिने आजवर कुणालाच लिहिलेलं नव्हतं. दोनदा वाचून तिने ते पाठवलं.

समोरचं लहान यंत्र हलकेच वाजलं. पडद्याच्या कोपऱ्यात ओळ उमटली: ताईंचा निरोप आला आहे.

ती त्या ओळीकडे बघत बसली. निरोप उघडायला एक बोट पुरलं असतं. तिने तो उघडला नाही. यंत्र बंद केलं, पडदा पदराने पुसला आणि आत हाक मारली, “अहो, कुरिअरवाला आज किती वाजेपर्यंत असतो?”