भुजंगरावांच्या दोन भाकरी

भुजंगराव एका जेवणाला दोन भाकरी खात. हे ते कुणालाही छातीवर हात ठेवून सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ताटात दोनच पडत. फक्त त्यांच्या हिशेबात जेवण म्हणजे भाकरी. बाकी जे पोटात जाई ते जेवण नव्हे. सकाळचे पोहे हा नाश्ता. स्टँडवरचे टोस्ट चहातच जमा. देवळातलं केळं प्रसादाच्या नावावर. भात ताकाला लागून येई, म्हणून तो ताकाच्या खात्यात. गुरुवारी तर उपासच. त्या दिवशी ते काहीच खात नसत, फक्त साबुदाण्याची खिचडी, दोन्ही वेळा.

इतकं कमी खाऊनही साखर वाढते कशी, याचं त्यांना मनापासून नवल वाटे.

नवल करत त्यांनी आणखी काही वर्षं काढली असती. पण आता प्रश्न डोळ्यांचा होता. उजवा मोतीबिंदूनं झाकून गेलेला, डावाही धुरकट. जाफराबाद-भोकरदन लाइनीवर काळीपिवळी जीप चालवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याची जीप पावसाळ्यापासून दारात ताडपत्री पांघरून उभी होती. जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना दोनदा परत पाठवलं. साखर दोनशेच्या आत आणा, मग ऑपरेशन. इकडे स्टँडवर जीपांचे नंबर लावणारा मच्छिंद्र म्हणाला होता, "भुजंगराव, संक्रांतीच्या आत ऑपरेशन करून या. तवर तुमचा नंबर धरून ठेवतो. त्याच्या पुढं बाकीचे मला ऐकनार न्हाईत." नंबर गेला की लाइन गेली, आणि लाइन गेली की जीप म्हणजे कोंबड्यांना बसायला जागा.

दुसऱ्यांदा परत पाठवताना डॉक्टरांनी त्यांना शेजारच्या खोलीत धाडलं. तिथे सुमेधा नावाची आहार सांगणारी मुलगी बसायची. सोबत गिरिजाबाई होत्याच. नवऱ्याच्या तोंडून खरं बाहेर येईल यावर त्यांचा लग्नापासून विश्वास नव्हता.

"काका, दिवसभरात काय काय खाता?" सुमेधानं विचारलं.

"दोन भाकरी सकाळी, दोन संध्याकाळी. बस."

"आणि?"

"आणि काय न्हाई. भाजी असती."

गिरिजाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "पोहे सांगा की."

"ते जेवण हाय का?"

"खिचडी सांगा."

"मॅडम, गुरवारी उपास असतो. उपासाला काय धरता?"

"टोस्ट सांगा. बुडवून बुडवून संपवलेले."

सुमेधानं पेन खाली ठेवलं. "काका, भाकरी, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा, केळं, टोस्ट, या सगळ्यांत कर्बोदकं असतात. पोटात गेली की त्यांची साखरच होते. नाव कुठलंही असो."

"उपासाच्याबी?"

"उपासाच्याही. साबुदाण्याची तर भाकरीपेक्षा लवकर."

हे भुजंगरावांना देवावर आणलेलं बालंट वाटलं. ते काही बोलणार, इतक्यात गिरिजाबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"मॅडम, यांचं जीपवानी हाय. कागदावर नऊ शीट. मांडीवरचं लेकरू मोजायचं न्हाई, टपावरचा मोजायचा न्हाई, मागं लोंबकळनारा तर आपला पाव्हनाच. मंग चढावर इंजन तापलं की म्हनायचं, असं कसं झालं, नऊच तर होते."

"अगं, लाइनीचं इथं कशाला?"

"एकदा साहेबानं गाडी थांबवल्ती, तवा त्यानं डोकी मोजली. टपावरची धरून. हे साखरेचं मशीन त्या साहेबावानीच हाय."

सुमेधा हसली. मग म्हणाली, "डबा आणलाय ना? तुमची भाकरी दाखवा बरं."

भाकरी डब्यात मावणारी नव्हतीच. गिरिजाबाईंनी फडकं सोडून ती टेबलावर उलगडली. टेबलावरचा कागद, पेन आणि सुमेधाचा मोबाइल, तिन्ही तिच्याखाली गेले.

"ही... एक?"

"एकच की. कुठं जोड दिसतो का?"

"काकू, आमच्या घरच्या अडीच भाकऱ्या होतील हिच्यात."

गिरिजाबाईंना आनंद झाला की अपमान, हे त्यांनाही चटकन ठरवता आलं नाही. "मंग जालन्यातले लोक जगतेत कशावर?" एवढंच त्या म्हणाल्या.

सुमेधानं भुजंगरावांच्या गोळ्या, वजन, रिपोर्ट सगळं पुन्हा पाहिलं आणि ठरवून दिलं. एका जेवणाला भाकऱ्या दोनच, पण पंजाएवढ्या आणि पातळ. वाटीभर भात हवा असेल तर एक भाकरी खाली उतरवायची. पोट भरायला उसळ, पालेभाजी, काकडी, दही. उपासाची खिचडी बंद. "हे तुमच्यापुरतं आहे, स्टँडवर वाटत बसू नका. आणि एका वेळचं वाचवून दुसऱ्या वेळी खायचं नाही. गोळी चालू आहे, तर वेळच्या वेळी ठरलेलं पोटात गेलंच पाहिजे."

सांगणं सोपं होतं. घरी आल्यावर गिरिजाबाईंनी पंजाएवढी भाकरी थापली आणि परातीत बघून त्याच लाजल्या.

"एवढी भाकरी म्या कधी आजारी मानसालाबी वाढली न्हाई."

"मंग मी कोन हाय?" भुजंगराव म्हणाले खरे, पण ताट समोर आल्यावर त्यांचाही चेहरा उतरला. "ही लेकराच्या भातुकलीतली हाय. नेहमीची कर. बाकीचं मी बघतो."

गिरिजाबाईंनी नेहमीची केली. दुसऱ्या दिवशी मात्र पिठाच्या गोळ्यातून चिमटीभर काढून ठेवलं. तिसऱ्या दिवशी आणखी चिमटीभर. भाकरी काठानं आत सरकू लागली आणि मटकीची उसळ वाटीतून वर येऊ लागली. धुरकट डोळ्यांना यातलं काय कळणार, असा त्यांचा अंदाज होता.

इकडे भुजंगरावांनी टपावरचे पॅसेंजर उतरवायला घेतले, आणि तेही गाजावाजा करून. "आज चहासंगं एक टोस्ट झाला, रात्रीच्या भाकरीतला चतकोर काढ," असं ते शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगत. स्टँडवर वाटू नका असं बजावलं होतं, म्हणून स्टँडवर रोज वाटत. लाइनीवरच्या निम्म्या ड्रायव्हरांना, साखर नसताना, साबुदाण्याची दहशत बसली.

महिन्याभरात गावातल्या लॅबमध्ये साखर सव्वादोनशेपर्यंत उतरली. श्रेय कुणाचं, यावर घरात चर्चा झाली नाही. भुजंगरावांनी ते विचारायच्या आधीच घेऊन टाकलं होतं.

जालन्याची तारीख आठवड्यावर असताना मच्छिंद्रनं शेतात हुरड्याला बोलावलं. थंडीत निखाऱ्यावर भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं हातावर चोळून खायची, संगं शेंगदाण्याची चटणी. याला नाही म्हणणारा माणूस तालुक्यात शोधावा लागेल. भुजंगरावांनी नाही म्हटलं नाही, पण हिशेब केला. सकाळी पोहे नाहीत. दुपारी, "स्टँडवर जेवतो" असं घरी सांगितलं आणि जेवले नाहीत. गोळी तेवढी इमानदारीनं घेतली. दिवसभर गाडी रिकामी पळवायची आणि शेवटच्या फेरीला टपापर्यंत भरायची, असा बेत.

आगटी नुकती पेटली होती. कणसं भाजायला अवकाश होता. बांधावर बसलेल्या भुजंगरावांचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम आला.

"भुजंगराव, थंडीत घाम कशाचा?" मच्छिंद्रनं विचारलं.

"काय न्हाई. आगटीचा."

आगटी चार हात लांब होती. मच्छिंद्रच्या आईला साखर होती, त्यामुळे पुढचं त्याला कळलं. त्यानं चहासाठी आणलेली साखर पाण्यात ढवळून तांब्याच तोंडाला लावला आणि हात जरा थांबल्यावर गिरिजाबाईंना फोन लावून मोबाइल मधोमध ठेवला.

"गोळी घेतल्ती का?" फोनमधून आवाज आला.

"घेतल्ती."

"जेवले होते का?"

भुजंगरावांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "हुरड्याला जागा ठेवल्ती."

"मच्छिंद्रभाऊ," गिरिजाबाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता त्यांना दोन मुठी हुरडा द्या, संगं दही. यांच्या मुठी नको, तुमच्या मालकिनीच्या मुठी." आवाज कापरा होता. तो थंडीनं कापरा होता असं कुणालाही वाटलं नाही, भुजंगरावांनाही.

पहिली भाजलेली कणसं कागदावर चोळून त्यांच्याच पुढ्यात आली, आणि त्यांनी दोन मुठी हुरडा खाल्ला. सावकाश, दाणा दाणा. मच्छिंद्रनं सवयीनं तिसरी मूठ पुढे केली. "घ्या हो. हिरवा हाय, भाजीच समजा."

भुजंगरावांनी पुढ्यातल्या कागदावर हात आडवा धरला. "हिरवी असली तरी ज्वारीच हाय ती. चार दिवस उशिरा काढली असती तर भाकरीच झाली असती." आणि घरी पोचल्यावर चप्पल काढता काढताच सांगितलं, "मी जेवून आलो. हुरडा जेवण धर."

हुरड्याला त्यांनी जेवण म्हणावं, हे गिरिजाबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. त्या रागावायचं ठरवून बसल्या होत्या. ते जरा लांबणीवर पडलं. झोपायच्या आधी मात्र कपभर दूध पुढ्यात ठेवून, ते संपेपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत.

जालन्याला साखर एकशे ऐंशीच्या आत निघाली. ऑपरेशन झालं. मच्छिंद्रनं नंबर राखला आणि महिनाभर गाडीला हात लावू नका असं डॉक्टरांचंच वाक्य वर ऐकवलं. डाव्या डोळ्याची तारीख होळीनंतरची मिळाली.

पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा भुजंगराव घरी जेवायला बसले. ताटाकडे बघितलं. मग भाकरी उचलून उजेडात धरली.

"गिरजे, ही भाकरी हाय का पापड?"

गिरिजाबाई तयारीतच होत्या. "कवापासून हीच हाय. तुमाला दिसत नव्हती."

"दिसत नव्हती. हाताला तर कळत होती की."

गिरिजाबाईंचा तव्यावरचा हात थांबला. "मंग बोल्ले का न्हाई?"

"तू चोरून कमी करून राह्यलती. म्हनलं, एवढी हौसेनं चोरी करती, कशाला मोडा."

आता महिन्याभराचं श्रेय पुन्हा वाटायची वेळ आली होती, पण दोघांपैकी कुणी तो विषय काढला नाही. गिरिजाबाईंनी परातीतला गोळा हातात घेतला. "डोळा झाला. आजच्या दिवस थापू का एखादी मोठी?"

भुजंगरावांनी खरोखर विचार केला. तो बराच वेळ चालला.

"डावा राह्यलाय अजून," ते म्हणाले आणि उसळीची वाटी पुढे सरकवली. "हिच्यात वाढ."