पुठ्ठ्यावरचा डाग

माझ्या गॅरेजात रात्री मुक्कामाला राहणाऱ्या प्रत्येक गाडीखाली मी पुठ्ठा टाकतो. सकाळी कुलूप उघडलं की आधी पुठ्ठे बघायचे, मग चहा. डाग कुठे पडला आणि कुठल्या रंगाचा आहे, यावरून इंजिनाला काय झालंय ते कळतं. बायको म्हणते, "ज्योतिषी पत्रिका बघत नसतील इतक्या भक्तीने तुम्ही पुठ्ठे बघता."

त्या सकाळी पुतणीच्या गाडीखालचा पुठ्ठा बघितला आणि चहा तसाच राहिला.

गाडी जागेवर नव्हती. गॅरेजची एक किल्ली पुतणीकडे असते. ती गुरांची डॉक्टर. पलीकडच्या गावात गाय अडली होती म्हणून ती मी यायच्या थोडंच आधी गाडी काढून गेली होती. फळ्यावर खडूने लिहून ठेवलं होतं, 'काका, घाटापलीकडे जातेय. गाय अडलीय.' खाली पुठ्ठ्यावर तळहाताएवढा ओला डाग होता. मधोमध असता तर मी म्हटलं असतं, तेल सोडायचा बोल्ट सैल राहिला. पण डाग डाव्या अंगाला होता. तेलाचा रंग मधासारखा नवा, आणि त्यात काळी भुकटी.

ही मोटारसायकल माझ्या मोठ्या भावाची. तो गेल्यावर पोरीने ती विकू दिली नाही. वय तिच्याहून जास्त, पण अजून एका लाथेत सुरू होते. आठ दिवसांपूर्वी ती सिंथेटिक तेलाचा डबा घेऊन आली.

"काका, आता हे टाकायचं. इंजिन थंड राहतं, लवकर बदलावं लागत नाही."

"जुन्या गाडीला जुनंच तेल बरं असतं, डॉक्टरीणबाई."

"का?"

"का म्हणजे? सवय असते तिला."

"तुम्हाला पण विडीची सवय होती. सुटलीच ना?"

बायको मागून हसली. मी डबा हातात घेऊन त्यावरचं सगळं दोनदा वाचलं. चारचाकीचं तेल मोटारसायकलमध्ये घातलं तर क्लच घसरतो. पण हे मोटारसायकलचंच होतं, आणि दाटपणाही भावाच्या गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच. नाही म्हणायला कारण उरलं नाही. खरं कारण होतं, पण ते मला बोलता येण्यासारखं नव्हतं.

डांबरासारखं जुनं तेल काढून नवं भरलं. इंजिन असं गुळगुळीत बोलायला लागलं की पोर टाळ्या वाजवायची बाकी राहिली. आठवडाभर ती रोज गाडी हिंडवत होती, आणि मी रोज पुठ्ठा बघत होतो. कोरडा. वाटलं, सुटलो.

आता मी फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना ती फोन पिशवीत टाकते, औषधांच्या खाली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"अहो, तेल गळतंय तर गळू दे की," बायको म्हणाली. "तेलाचा दिवा लागेल, ती थांबेल, भरेल. एवढे घामाघूम का झालात?"

"त्या गाडीला असला दिवा नाही. आणि डावीकडून गळतंय. तिथे चेन आहे. चेनवरून तेल मागच्या टायरवर उडतं."

बायकोने हातातला कप खाली ठेवला. घाटाचा उतार तिलाही माहीत आहे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढी भिंत. तिने खुंटीवरची तिच्या स्कूटरची किल्ली काढली. "आधी हेल्मेट घाला. आणि जाताना फोन करत बसू नका, मी लावत राहते."

घाट चढताना मी रस्त्याकडेच बघत होतो. सुरुवातीला काही दिसलं नाही. चौथ्या वळणावर एक थेंब. मग बऱ्याच अंतराने दुसरा. पुढे थेंब जवळजवळ यायला लागले. इंजिन तापलं की तेल पातळ होतं आणि भराभर वाट काढतं. एका वळणावर खडी विस्कटलेली होती. मी स्कूटर थांबवून भिंतीवरून खाली वाकून बघितलं. खाली नुसती झुडपं. ती खूण एखाद्या ट्रकची असेल, असं स्वतःला सांगत पुन्हा निघालो. स्कूटर चढावर रडत होती. दोन सायकलवाले मला मागे टाकतील की काय, असं झालं होतं.

घाटमाथ्यावर भाऊ नेहमी दहा मिनिटं इंजिन बंद ठेवायचा, उताराआधी. पोरीलाही त्याने तीच सवय लावली होती. माझी सगळी आशा त्या दहा मिनिटांवर होती. माथ्यावर पोचलो. दगडी कट्ट्याजवळ कुणी नव्हतं. जमिनीवर बशीएवढा तेलाचा डाग होता, अजून चमकणारा. ती थांबली होती, आणि गेली होती.

त्यानंतरच्या तीन वळणांचं मला काहीच आठवत नाही.

चौथ्या वळणाच्या अलीकडे ती दिसली. गाडीचं हँडल धरून, गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच थोडा थोडा सोडत पायी उतार उतरत होती. पँट गुडघ्यावर फाटलेली. मागचं टायर डाव्या बाजूने काळंकुळकुळीत चमकत होतं.

"पडलीस?"

"आडवी झाले. मागचं चाक एकदम हाललं. वेग नव्हता म्हणून." ती पँटवरची खडी झटकत होती. "काका, तुमचंच खरं होतं. जुन्या इंजिनाला हे तेल चालत नाही. मीच शहाणपणा केला."

किती सोपं होतं. नुसती मान हलवायची होती. पुढच्या वेळेला जुनं तेल भरलं असतं, वर्षभरात त्याच्या काळ्या गाळाने गळती पुन्हा बंद केली असती, आणि घरात माझा शब्द आणखी वजनदार झाला असता. पण तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

"तेलाचा दोष नाही," मी म्हणालो. "माझा आहे."

ती थांबली.

"बारा वर्षांपूर्वी मी या चेनच्या पुढच्या दातेरी चाकामागचं ऑइल सील बदललं. ती रबरी कडी. जुनी काढताना स्क्रूड्रायव्हर सटकला आणि ती बसते त्या खोबणीला ओरखडा पडला. खोल. इंजिन उघडून खोबणीचं ते अख्खं झाकण बदलायला हवं होतं. मी वर शेलॅकचा चिकट लेप चोपडला आणि नवी कडी बसवली. मग जुनं तेल, धूळ, गाळ, सगळं त्यात भरत गेलं. नव्या तेलाने सगळं धुऊन काढलं. त्याने त्याचं काम चोख केलं."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

तिने गाडी स्टँडवर लावली आणि म्हणाली, "बाबा दुसऱ्या कुणाला या गाडीला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, माझा भाऊ आहे."

 तिने पिशवी काढून स्कूटरला अडकवली. पिशवीत फोन वाजत होता. तो काढून ती म्हणाली, "काकू, मी बरी आहे. काकाही आहेत," आणि ठेवून दिला. माझ्याकडे न बघता स्कूटरची किल्ली मागितली.

"गाय वाट बघतेय. गुडघ्याचं तिथे बघते. गाडी तुम्ही आणा. चालत."

ती गेली. मी रुमालाने टायर पुसलं, पुन्हा पुसलं, आणि ती अवजड गाडी फिरवून तीन वळणं वर ढकलत नेली. माथ्यावर एका टेम्पोवाल्याने दया येऊन मला गाडीसकट मागे घेतलं. "आजोबा, या वयात कशाला असले छंद?" असं त्याने विचारलं. मी हँडल धरून मागे चढलो.

संध्याकाळी ती आली. वासरू जगलं होतं, एवढंच काकूला सांगितलं. मग स्टूल ओढून गाडीजवळ बसली आणि टॉर्च लावली. "उघडा. बघू दे मला."

मी चेन उतरवली, दातेरी चाक काढलं, कडी काढली. ओरखडा नखाएवढा लांब होता. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"अजून?"

"अजून काय?"

"या गाडीत अजून काय काय चोपडून ठेवलंय, काका?"

बायको दारात उभी होती. मी तोंड पुसलं. "हॉर्नची वायर. आतून नुसती पिळलेली आहे. आणि मागच्या मडगार्डचा एक बोल्ट आहे ना, तो दिसायलाच आहे."

बायकोला हसू आलं. पोरीला आलं नाही. ती फळ्यावर खडूने यादी लिहीत होती.

नवं झाकण यायला अकरा दिवस लागले. तेल तेच भरलं, सिंथेटिक. आता सकाळी लवकर निघायचं असलं तरी ती मी येईपर्यंत थांबते. पुठ्ठा आम्ही दोघं बघतो. मी उजेडात धरतो, ती वाकून बघते, बोट फिरवून वास घेते, आणि मगच लाथ मारते. बारा दिवस तो कोरडा आहे. घाट उतरून पलीकडे पोचली की ती फोन करते. तोवर मी कुठल्याच गाडीला हात लावत नाही.