बँडमधली लेक

गौतमी केंद्राच्या सुरक्षा दलात भरती झाली, तेव्हा रिहे गावात तिच्या बापाने, बहिरूने, पेढे वाटले होते. सीमेवरच्या चौकीवर ती वर्षभर राहिली. मग एकदा तिचा फोन आला, की तिला दलाच्या महिला बँडमध्ये घेतलंय आणि वाजवायला मोठा ड्रम दिलाय.

बहिरू म्हणाला, "बंदूक काढून घेतली व्हय?"

"न्हाई आबा, तीबी हायेच. पण आता रोजचा सराव बँडचा. संचलनात सगळ्यात पुढं आमी असतो."

"आपल्यात कुणी वाजवत न्हाई, गौतमे. वाजवणारे आपल्या दारात येत्यात."

"हितं तसं काय नसतं," ती म्हणाली आणि आईला फोन द्यायला सांगितला.

आई सगुणाबाईला आनंद झाला. बहिरू मात्र गावात "सीमेवर हाय" एवढंच सांगत राहिला. आपल्या थोरल्या भावाला, भिवाजीलाही त्याने खरं सांगितलं नाही.

स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात दलाचा बँड जवळच्या पौडच्या मैदानावर कार्यक्रमाला येणार होता. रिह्याच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यावर वर्दीतली गौतमी, छातीवर ड्रम, दोन्ही हातांत टोकाला गोळे असलेल्या काठ्या. दूध घालून परत येताना भिवाजीने तो पाहिला आणि थेट भावाच्या अंगणात आला.

"पोरगी बाजा वाजवतीया, आन् तू सीमेवर सांगतोस?"

बहिरू गोठ्याकडे वळला. भिवाजी गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "मी न्हाई जायचो पौडला."

"मी जाणार हाय," सगुणाबाई म्हणाली. "तुमी सोडता का जीपनं जाऊ?"

त्याने तिला मोटरसायकलवरून सोडलं आणि स्वतः मैदानाच्या फाटकापाशीच थांबला. भिवाजीही चार माणसांबरोबर आला होता. तो थोडा लांब उभा राहिला.

बँड आला. पुढे ट्रम्पेटवाल्या, मागे सनया आणि बासऱ्या, शेवटच्या रांगेत ड्रम. तिथे मधोमध गौतमी. ड्रम एवढा मोठा, की वरून तिचं तोंड तेवढं दिसत होतं. बँडमास्तरीणबाईंनी काठी उंचावली आणि कूचगीत सुरू झालं. वळताना, थांबताना सगळ्यांचे डावे पाय एकदम पडत होते.

तेवढ्यात रस्त्याने कुणाच्या तरी वाढदिवसाची मिरवणूक आली. टेम्पोवर डीजेच्या भिंती. तो नेमका फाटकासमोर अडकला आणि आवाज मैदानात घुसला. पुढच्या ट्रम्पेटवाल्यांना मागचा ड्रम ऐकू येईना. डीजेचा ठेका जलद होता, पाय तिकडे ओढले जायला लागले. एक रांग वाकडी झाली. बघणारी पोरं हसली.

गौतमीने हात आणखी मागे नेऊन ड्रमवर ठोके द्यायला सुरुवात केली. चाल तीच, पण जोर दुप्पट. तो धक्का फाटकापाशी बहिरूच्या तळपायांना लागला. एकेक बाई पुन्हा त्या ठोक्यावर आली, रांग हळूहळू सरळ झाली. ते सांभाळणारी आपली पोरगी आहे, हे बहिरूला कळलं. तिचा चेहरा घामाने निथळत होता. ती फार वेळ असं मारू शकणार नाही, हेही त्याला दिसत होतं.

तो टेम्पोपाशी गेला. "बंद कर ते."

"काका, पाच मिन्टात पुढं निघतोय," वरचा तरुण म्हणाला.

"आत्ता बंद कर."

"तुमी कोण?"

"आत मोठा ड्रम वाजवतीया ना, तिचा बाप."

डीजेच्या आवाजातही ऐकू जावं म्हणून तो ओरडूनच बोलला होता. भिवाजीसकट सगळ्यांनी ऐकलं. त्या तरुणाने आत एकदा पाहिलं आणि आवाज बंद केला. मैदानात कूचगीत शेवटपर्यंत नीट वाजलं.

नंतर गौतमीने ड्रम उतरवला. पट्ट्यांनी खांद्यांवर वळ उठले होते. बहिरूने ड्रम उचलून पाहिला.

"लई जड हाय की."

"सवय झालीय, आबा."

"डीजे लागला तवा भ्याली न्हाईस?"

"भ्याले ना. मी चुकले असते तर समद्याच चुकल्या असत्या."

सगुणाबाई पदराने तिचा घाम पुसत होती. "तुझा बापच गेला त्यो बंद करायला," ती म्हणाली. गौतमीने बापाकडे पाहिलं. तो ड्रमचा पट्टा कसा अडकवतात ते बघत होता.

भिवाजी त्या दिवशी परस्परच घरी गेला. गणपतीत दर्शनाला आला, चहा प्याला, पण पुतणीचा विषय त्याने काढला नाही. बहिरूनेही काढला नाही.

दिवाळीनंतर चांदे गावाहून गौतमीला स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलगी दलात नक्की काय करते?"

"बँडमध्ये हाय," बहिरूने सांगितलं. "मोठा ड्रम वाजवते."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला एक म्हणाला, "लग्नानंतर ते सोडायची तयारी असंल ना?"

"ते तिलाच विचारा," बहिरू म्हणाला. "पुढच्या महिन्यात सुट्टीवर येणार हाय."