कोरडं अर्थिंग

साहेबरावांनी दुकानाच्या भिंतीवरची लाल गिटार खुंटीवरून उतरवली, सदऱ्याच्या बाहीनं तिच्यावरची धूळ पुसली आणि चांगल्या घरचं स्थळ दाखवावं तशी काउंटरवर आडवी ठेवली.

"ही घ्या साहेब. हँडलवाली. हे हँडल दाबलं का आवाज लई लहरतो. भजनाला पण चालती."

"भजनाला नको," अनंतराव म्हणाले.

"मग ऑर्केस्ट्राला?"

अनंतरावांनी मुलीकडं पाहिलं. मनस्विनी हार्मोनियमच्या पेट्यांकडं तोंड करून उभी होती. बापानं आपल्या वतीनं उत्तर देऊ नये, अशी तिची इच्छा पाठमोरीही दिसत होती.

"हेवी मेटल," ती म्हणाली.

"म्हंजी ते बोंबलायचं व्हय?" साहेबरावांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "येतात की पोरं. केस वाढवून येतात, नोकरी लागली का कापून गिटार विकायला येतात. पोरगी पहिल्यांदाच आली. तुमचं बरंय ताई, केस आधीचेच हायेत."

मनस्विनी हसली नाही, पण वळली.

"हँडलवाली नको," ती म्हणाली. "त्याच्या खाली स्प्रिंगा असतात. स्वस्त गिटारीत त्या धड बसवलेल्या नसतात. एकदा हँडल दाबलं की सगळ्या तारा उतरतात, मग वाजवायचं सोडून सूर लावत बसायचं."

अनंतराव काउंटरला टेकले. गेल्या जूनमध्ये नीटचा निकाल लागला, त्यानंतर मुलीच्या तोंडून इतकी वाक्यं सलग त्यांनी ऐकली नव्हती. दिवाळीत तिनं क्लास सोडला. यंदा परीक्षेचा फॉर्म भरला नाही. घरात तिचे शब्द 'हं', 'नको' आणि 'राहू दे' एवढ्यावर आले होते. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या अनंतरावांना दिवसभर परकी माणसं तोंड भरभरून बोलत. घरी आलं की सगळं सामसूम. मागच्या आठवड्यात तिनं ताटाकडं बघत "मला इलेक्ट्रिक गिटार पाहिजे" असं म्हटलं, तेव्हा त्यांनी किंमतही न विचारता होकार दिला होता. तिनं उंट मागितला असता तरी त्यांनी आधी हो म्हणून मग जागेचा विचार केला असता.

"मग कुठली?" त्यांनी विचारलं.

तिनं कोपऱ्यातल्या काळ्या गिटारीकडं बोट दाखवलं. ना चकाकी, ना हँडल. तारांखाली दोन जाड काळ्या पट्ट्या.

"ह्या दोन-दोन कॉइलच्या असतात. एकेरी कॉइल असली की मागं घूं असा आवाज येत राहतो. मेटलमध्ये आवाज फाडायचा असतो ना, मग तो घूंपण तेवढाच मोठा होतो. ह्या दोन कॉइल एकमेकींचा घूं खाऊन टाकतात."

तक्रार खिडकीवर येण्याआधी अनंतरावांचं अर्धं आयुष्य पंपहाउसच्या मोटरींमध्ये गेलं होतं. त्यांना हे पहिल्याच दमात समजलं.

"नाही समजलं," ते म्हणाले.

तिनं परत सांगितलं. या वेळी हातवारे करून, थोडं जास्त.

"म्हणजे हँडलवालीत दोन कॉइल नसतात?"

"हँडलचा आणि कॉइलचा काय संबंध, बाबा?" ती वैतागली. ते वैतागणंही नवं होतं. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. साहेबरावांनी अनंतरावांकडं कणवेनं पाहिलं आणि न मागता चहा सांगितला.

अँपच्या बाबतीतही तसंच झालं. साहेबराव ऑर्केस्ट्रातून आलेला, कपाटाएवढा जुना अँप गळ्यात मारू पाहत होते. मनस्विनी म्हणाली, खोलीत वाजवायला छोटाच बरा, फक्त त्याला आवाज फाडायचं बटण पाहिजे; नाहीतर महाग गिटार घेऊनही ती सुगम संगीतासारखी वाजते. तिनं काळी गिटार जोडली आणि एक सूर वाजवला. शेल्फावरचे घुंगरू हलले. तो सूर होता की अपघात, हे अनंतरावांना कळलं नाही. पण तो वाजल्यावर मुलीचे खांदे खाली आले, हे त्यांनी पाहिलं.

"पट्टा फ्री, पिशवी फ्री," साहेबराव म्हणाले. "पर एकदा घरी नेली का वापस घेत नाय. आधीच सांगतो."

स्कूटरवर दोघांच्या मध्ये गिटार बसली, छोटा अँप पायाशी. क्रांती चौकापर्यंत त्यांच्या पुढं एक टँकर होता आणि तो रस्त्यावर पाणी सांडत चालला होता. सिग्नलला थांबलेले सगळे त्या ओल्या रेघेकडं बघत होते. गारखेड्याच्या वळणावर नव्या टॉवरची पाटी होती: तिच्यावर निळाशार तरणतलाव आणि त्यात हसणारं कुटुंब. पाटीच्या सावलीत रिकामे हंडे आपापल्या बायकांसाठी जागा धरून बसले होते.

"काळीच मिळाली का?" कालिंदीनं दारातच विचारलं. मग नवी वस्तू आली म्हणून उंबऱ्यावर पाणी शिंपडायला निघालेल्या नवऱ्याच्या हातातून तांब्या काढून घेतला. "घरात प्यायला पाणी नाही आणि गिटारी आणा."

तिचं बरोबर होतं. जायकवाडी मृतसाठ्यावर आलं होतं आणि नळाला सहाव्या दिवशी पाणी येई, तेही मनात आलं तर. त्या घरात पाण्याला सहज मरण नव्हतं. आंघोळीचं पाणी कपड्यांना, कपड्यांचं फरशीला, फरशीचं संडासला. या रांगेतून फक्त एक पाणी सुटलं होतं. तांदळाचं धुवण कालिंदी परसातल्या मोगऱ्याला घाली आणि त्यावर कुणाचा हक्क चालत नसे. गल्लीतल्या बाकीच्या कुंड्या फेब्रुवारीतच गेल्या होत्या. हिचा मोगरा कळ्या धरून होता.

पहिले दोन दिवस खोलीतून आवाज येत राहिला. गिटारीपेक्षा घूं जास्त. दुकानात नव्हता, घरी कुठून आला, कळेना. तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. रात्री जेवताना मनस्विनी म्हणाली,

"तारेला हात लावला की मुंग्या येतात. करंट आहे."

"अर्थिंग कोरडं पडलंय, तो घूंही त्याचाच," अनंतराव म्हणाले. घास तोंडात होता आणि दिवसभरात फोन फार झाले होते. "खड्ड्यात मीठ-पाणी घालावं लागतं, तर ते जमिनीला धरतं. आता जमीनच वाळलीय. पाऊस पडला की होईल."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. हेच वाक्य त्यांनी सकाळपासून अख्ख्या शहराला सांगितलं होतं, ह्याच आवाजात. पुढं 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे' एवढंच म्हणायचं राहिलं होतं.

"तोवर हात लावू नकोस तिला," कालिंदी म्हणाली. "फ्रिजलाही चप्पल घालूनच हात लावते मी."

"राहू दे," मनस्विनी म्हणाली. "परत देऊन टाका."

"ते परत घेत नाहीत."

"मग राहू दे."

ती उठली. खोलीतून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कालिंदी ताटं गोळा करत होती. ती क्षणभर तशीच वाकलेली राहिली, मग राख घेऊन ताटं कोरडीच घासायला बसली.

त्यानंतर परत 'हं' सुरू झालं.

रविवारी सकाळी अनंतरावांनी आपल्या आंघोळीची अर्धी बादली उचलली. आंघोळ झाली असं दिसावं म्हणून टॉवेल खांद्यावर टाकला आणि मागच्या दारानं परसात उतरले. कालिंदीनं विचारलं असतं तर काय सांगायचं, हे त्यांनी पायऱ्या उतरताना ठरवून ठेवलं होतं. ते पटण्यासारखं नव्हतं. मिठाची पुडी सदऱ्याच्या खिशात होती.

अर्थिंगचा खड्डा मीटरच्या खाली होता, मनस्विनीच्या खिडकीला लागून. वरची फरशी त्यांनी सरकवली आणि बादली हातातच राहिली.

माती ओली होती. नुसती शिंपडलेली नव्हती, आतपर्यंत काळी झाली होती. कडेला खडेमीठ विरघळायचं राहिलं होतं आणि त्यात तांदळाचे चार-दोन दाणे फुगून पडले होते.

अनंतरावांनी मोगऱ्याकडं पाहिलं. कुंडीतली माती कडेनं सुटली होती. पानं खाली वळली होती आणि कळ्या होत्या तिथंच तपकिरी झाल्या होत्या. एका दिवसाच्या उपासानं मोगरा असा होत नाही.

खिडकीतून चेन उघडल्याचा आवाज आला.

"लाव बरं ती वायर," कालिंदीचा आवाज. "थांब. तू नको. आधी मी हात लावते."

"आई, तुझे हात ओले आहेत."

"म्हणून तर. ओल्याला कळतं लगेच."

मग एकच तार वाजली, घाबरत, वेडीवाकडी, पदरानं झटकल्यासारखी. अनंतराव बादली धरून उभे होते.

"नाही लागत," कालिंदी म्हणाली. "घे. आणि सावकाश हं."

मनस्विनी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण ते 'हं'पेक्षा लांब होतं. पाठोपाठ खोलीत काहीतरी कोसळल्यासारखा आवाज झाला. काचा थरथरल्या. आवाज वाईटच होता. पण मागं घूं नव्हता, नुसता तोच होता. परत एकदा झाला, आता जास्त ठाम.

कंपाउंडवरून शेजारच्या भामाबाईंनी डोकं वर काढलं.

"अहो अनंतराव, मोटर जळतीय का काय तुमची?"

"नाही हो," अनंतराव म्हणाले. "मनू आहे."

भामाबाई आणखी काही विचारणार होत्या, पण त्यांचं लक्ष बादलीकडं गेलं आणि चोरी बघावी तशा त्या बघत राहिल्या. अनंतरावांनी मोगऱ्याच्या कुंडीत अर्धं पाणी ओतलं, उरलेलं खड्ड्यात. मग खांद्यावरच्या कोरड्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि आंघोळ झालेल्या माणसासारखे घरात गेले.