मोठ्यांची चूक चारचौघांत दाखवू नये

मावशीचा शिष्टाचार वर्ग शाळेने कायमचा मंजूर केला. संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः, भरल्या डोळ्यांनी, सगळ्यांसमोर तसं जाहीर केलं. आता हे विसरा. अजून काहीही झालेलं नाही. मावशी पुसलेल्या खुर्च्या पुन्हा पुसते आहे.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, पण वर्गातली सगळीच पोरं तिला मावशी म्हणायची. तिचं आयुष्य हॉटेलच्या काउंटरमागे गेलं. हॉटेल बंद पडलं तेव्हा आमच्या शाळेने तिला एका सत्रापुरतं ठेवून बघायचं ठरवलं. काम एकच, नववी-दहावीच्या पोरांना माणसांत आणायचं. सत्र संपताना अध्यक्ष येऊन बघणार. त्यांनी मान हलवली तर नोकरी पक्की, नाही तर मावशी भाड्याची खोली सोडून आमच्याकडे राहायला येणार. आई म्हणाली, येऊ दे की, बहीणच आहे. बाबा त्या दिवसापासून आवाज न करता चहा प्यायचा सराव करू लागले.

मावशीने आम्हाला खरंच बदललं होतं. दार लोटायच्या आधी टकटक करणं, तोंडात घास असताना न बोलणं, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये न डोकावणं, सगळं अंगवळणी पडलं. वर्गातल्या ज्या पोराला आम्ही भोंगा म्हणायचो, त्याचा आवाज पूर्वी मैदानापलीकडे जायचा. तोही आता शिंकण्याआधी आजूबाजूला बघून घ्यायचा. पण मावशीचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे मोठ्या माणसाची चूक चारचौघांत दाखवायची नाही. नंतर एकटं गाठून हळूच सांगायची. हॉटेलात एका गृहस्थांनी अख्खा मुक्काम दुसऱ्याच्याच खोलीत काढला आणि आपण त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही, हे ती अभिमानाने सांगायची. त्या दुसऱ्याचं काय झालं, हे विचारणं शिष्टाचारात बसत नव्हतं.

अध्यक्ष यायच्या दिवशी आम्हाला तिला खूश करायचं होतं. म्हणून तिचा फोटो मोठा करून, फ्रेममध्ये घालून समोरच्या टेबलावर ठेवला. दोन्ही बाजूंना पांढरी फुलं, कारण फुलवाल्याकडे तीच उरली होती. पाहुणे आले की उठून उभं राहायचं, मान किंचित खाली, आवाज नाही, हे शिकवलेलंच होतं. मावशी स्वतः शेवटच्या रांगेत, कारण यजमानाने पुढे पुढे करायचं नसतं.

अध्यक्षांचा तो त्या दिवशीचा कितवा तरी कार्यक्रम होता. ते दारातच थबकले. फोटो बघितला, फुलं बघितली, माना खाली घातलेली पोरं बघितली आणि चष्मा काढून डोळे पुसले.

मग ते बोलू लागले. अशा बाई पुन्हा होणे नाही, म्हणाले. आपली त्यांच्याशी भेट राहूनच गेली, नियतीने फार घाई केली, म्हणाले. आम्ही सगळ्यांनी मागे वळून मावशीकडे बघितलं. ती ताठ बसली होती. तिने नुसत्या डोळ्यांनी दटावलं, पुढे बघा.

भोंग्याने हात वर केला. बोलणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं असतं, आणि अध्यक्षांची वाक्यं संपणाऱ्यातली नव्हती. त्याचा हात भरून आला तेव्हा कुठे त्यांचं लक्ष गेलं.

"सर, आपली हरकत नसेल तर एक..."

हे तो इतक्या हळू म्हणाला की अध्यक्षांना तो हुंदकाच वाटला. "रडू आलं तर रड, बाळा. मनात ठेवू नकोस."

भोंगा 'आभारी आहे' म्हणून खाली बसला. मग शांतता पाळायचं ठरलं, आणि शांततेत तर बोलायचा प्रश्नच नव्हता.

चहा मावशीनेच दिला. आम्हाला वाटलं, आता एकटं गाठून सांगेल. पण अध्यक्षांभोवती सेक्रेटरी, फोटोग्राफर आणि मुख्याध्यापिका होत्याच. मुख्याध्यापिका छताकडे बघत होत्या. त्या कधी आमच्या वर्गात बसल्या नव्हत्या, पण अध्यक्षांची चूक न दाखवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"आपण त्यांच्या कोण?" अध्यक्षांनी कप घेत विचारलं.

मावशीने साखर पुढे केली. "अगदी जवळची."

"धीर धरा."

"वेळात वेळ काढून आलात," मावशी म्हणाली, "त्यांना फार बरं वाटलं असतं."

त्यावर अध्यक्षांना राहवलं नाही. हा वर्ग बाईंच्या स्मरणार्थ कायमचा चालेल, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. शिक्षिकेची जागा दुर्दैवाने रिकामी झाल्यामुळे तिच्यासाठी अर्ज मागवायलाही सांगितलं.

मावशीने अर्ज केला. मुलाखत समितीने तिचं तोंडभरून कौतुक केलं, पण दिवंगत बाईंची सर नाही, असा शेरा मारून तिला परत पाठवलं. अध्यक्षांना एकटं गाठायला ती अजूनही जाते. ते कधी एकटे नसतात. सध्या ती आमच्याकडे राहते. बाबा बाहेर जेवून येतात.

शेवटी वर्गातर्फे आम्हीच शाळेच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. भाषा उद्धट वाटू नये म्हणून मावशीने ते स्वतः तपासून दिलं:

"तरी माननीय कार्यालयास नम्र विनंती की, अध्यक्ष महोदयांकडून कोणतीही चूक झाल्याचे कोठेही सूचित न करता, आमच्या मावशींना मागील तारखेपासून जिवंत समजण्यात यावे."