गोळीमुक्त तासगावकरांचा सत्कार

सत्काराच्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, आमच्या ह्यांचं हृदय बाहेर पडलं आणि इमारतीच्या जिन्यात वर-खाली पळायला लागलं. डाळिंबाएवढं होतं. एकेक पायरी चढायचं, गच्चीच्या दाराला धडकायचं आणि उलटं फिरायचं. जिथं टेकायचं तिथं ओला ठसा राहायचा. तो पुसायचा मीच, कारण जिना झाडणाऱ्या बाईंनी सांगितलं की हे आपल्या कामात बसत नाही.

हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. छातीत डावीकडे कोनाडा पडला होता, पणती ठेवायला असतो तेवढा, आतून स्वच्छ.

"अहो, तुमचं हृदय जिन्यात आहे," मी म्हटलं.

"असू दे. फिरून येईल," हे म्हणाले. "मोकळं वाटतंय बघ."

वाटणारच. आत काही नव्हतंच.

ही सगळी अण्णा उपळेकरांची कृपा. उपळेकर म्हणजे आमचे तळमजल्याचे, सोसायटीचे सेक्रेटरी आणि प्रसन्न ज्येष्ठ मंडळाचे संस्थापक अध्यक्ष. बँकेत होते तोवर त्यांना शिपाईसुद्धा विचारत नव्हता, ती सगळी कसर त्यांनी निवृत्तीनंतर भरून काढली. रोज सकाळी बागेत पंचवीस म्हाताऱ्यांना गोल उभं करून हसायला लावतात. डॉक्टर लोक लुटारू, गोळ्या म्हणजे विष, आणि दुधीचा रस म्हणजे अमृत. उचलली जीभ लावली टाळ्याला. यंदा त्यांनी टूम काढली की ज्यानं सगळ्या गोळ्या सोडल्या त्याचा 'गोळीमुक्त ज्येष्ठ' म्हणून जाहीर सत्कार.

आणि आमच्या ह्यांना सत्काराची भूक. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी दुसऱ्यांच्या निरोप समारंभात टाळ्या वाजवण्यात गेली. स्वतःची वेळ आली तेव्हा लॉकडाउन. शाल कुरिअरनं आली, तीही दारात सॅनिटायझर मारून घ्यावी लागली. त्याचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण म्हणून माणसानं हृदयाची गोळी सोडावी?

तीन वर्षांपूर्वी भाजी घेताना ह्यांच्या छातीत कळ आली होती, तेव्हापासून ती गोळी चालू. रक्तदाब आणि ठोके, दोन्ही आवरून धरणारी. शिरगुप्पे डॉक्टरीणबाईंनी माझ्यादेखत बजावलं होतं, "ही मनानं बंद करायची नाही. एकदम तर नाहीच. कमी करायची झाली तर मी हळूहळू उतरवीन." हे मान डोलावून आले. मान डोलवायला ह्यांचं काय जातं?

"प्रेशर नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला?" हा उपळेकरांनी ह्यांच्या तोंडात घातलेला प्रश्न. म्हणजे घरात रोज दूध असतं, म्हणून गवळ्याला बंद करा. ह्यांनी गवळ्याला बंद केलं. मला न सांगता. रोज सकाळी माझ्यासमोर पाण्याचा घोट तेवढा घेत होते. सत्कार कशाचा ते मला आजच कळलं.

मी जिन्यात हृदय पकडायला गेले. एका मजल्यावर हात टाकला तर ते वरच्या मजल्यावर. त्याचा वेग वाढत होता आणि जिना अरुंद होत होता. आधी माझे दोन्ही कोपर भिंतींना लागले, मग खांदे.

उपळेकर खाली दारात उभे होते. "तासगावकर वहिनी, जिना सर्वांच्या वापराचा आहे. खासगी वस्तू सोडता येत नाहीत."

"हृदय आहे ते."

"असेल. ठराव सर्वांना सारखा."

घरचं झालं थोडं, तेवढ्यात समोरच्या मगदूम वहिनी आमच्या दाराच्या फटीतून आत आल्या. दार बंदच होतं. त्या पुठ्ठ्याइतक्या सपाट झाल्या होत्या, आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजून आणखी अरुंद होत होत्या. त्यांना जुना दमा. सत्काराला स्वागतगीत त्यांचं, आणि माईक दिसला की त्यांचे हात कापतात.

"उपळेकरांनी दिली," त्या शिट्टीमधून म्हणाल्या. "म्हणाले, हात कापायचे थांबतील. तुमच्याच ह्यांची उरलेली गोळी. वाया कशाला घालवायची?"

वाया कशाला घालवायची! आमच्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, तशी दुसऱ्याच्या हृदयाची गोळी शेजारणीला. वहिनींना त्यांचा पंप दिला, अलगद घडी करून रिक्षात बसवलं आणि दवाखाना गाठला.

शिरगुप्पे बाईंनी त्यांना उलगडून टेबलावर निजवलं, ऑक्सिजन लावला. वहिनी हळूहळू जाड व्हायला लागल्या.

"दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आवळते ही गोळी. न विचारता कुणी दिली?" बाईंनी विचारलं.

"बँकवाल्यानं," मी म्हटलं. "आणि ह्यांचं हृदय जिन्यात पळतंय."

"गोळी सोडली?"

"सोडली. आता घरी परत चालू करू का?"

"तुमच्या मनानं काहीच करायचं नाही. त्यांना आत्ताच्या आत्ता इथं आणा. हृदय मिळालं तर घेऊन या. नाही मिळालं, तरी माणूस आणा. उशीर केलात तर मला कोनाडा बुजवता येणार नाही."

त्या हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, म्हणून मी घाबरले. मला घाबरण्याचा भारी राग येतो.

परत आले तर आमचं घर आवळलं होतं. भिंती चारी बाजूंनी आत आल्या होत्या. सोफा उभा राहिला होता, फ्रीज खिडकीतून अर्धा बाहेर. मधोमध खुर्चीपुरती जागा उरली होती आणि खुर्ची रिकामी होती. हे सत्काराला निघून गेले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आता पळण्यात अर्थ नव्हता, जिना माझ्या अंगाबरोबर झाला होता. वरून धपधप आवाज येत होता, इतका भरभर की मधली फट ऐकू येत नव्हती. मी पदर पसरला आणि म्हटलं, "ये बाबा. पुरे झालं." ह्यांच्याशी इतकं गोड मी गेल्या कित्येक वर्षांत बोलले नव्हते. ते आलं. पदरात पडलं, तापलेलं, थरथरतं. मी ते दोन्ही हातांत धरलं आणि समाजमंदिराकडे पळाले.

हॉल गच्च भरला होता. भिंती इथंही आत सरकत होत्या, पण तक्रार कुणाचीच नव्हती; लोक मांडीवर खुर्ची आणि खुर्चीवर माणूस असे बसून हसत होते. मागचं दार मी आत शिरल्यावर भिंतीत मुरलं. व्यासपीठावर उपळेकर बोलत होते. त्यांच्या प्रत्येक वाक्याला व्यासपीठ माझ्यापासून हातभर लांब जात होतं, आणि उपळेकरांकडे वाक्यांना काय तोटा.

"अहो, उठा!" मी मागून ओरडले. "डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

सगळ्यांनी वळून 'श्श' केलं. हे वरून माझ्याकडे बघून हसले. ओठ जांभळे पडले होते, कपाळावर घाम होता, आणि चेहरा असा उजळलेला की लग्नातसुद्धा इतका नव्हता.

"वहिनी, बसून घ्या," उपळेकर माईकवरून म्हणाले. "मानपत्राचं वाचन चालू आहे."

"ह्यांच्या छातीत हृदय नाही!"

"ऐकलंत मंडळी?" उपळेकर म्हणाले. "गोळी नाही, धडधड नाही, काही नाही. याला म्हणतात निरोगी माणूस."

टाळ्या पडल्या. हसणाऱ्या मंडळानं दोन्ही हात वर करून हो हो हो केलं. या पंचवीस जणांत एकाला, फक्त एकाला, अक्कल असती तरी माझी वाट मोकळी झाली असती. मी त्यांच्या गुडघ्यांवरून, पिशव्यांवरून, एकीच्या गजऱ्यावर पाय देऊन पुढं गेले. तिनं मला कार्टी म्हटलं. हृदय माझ्या हातांत आता मधूनच थांबून परत धडकत होतं. मी त्याला सांगत होते, थांबू नको, आलंच.

मी व्यासपीठावर चढले. ह्यांचा सदरा पुढून उघडाच होता, कोनाडा समोर होता, माझा हात त्याच्यापासून वीतभर.

"अगं, जरा थांब ना," हे म्हणाले. आवाज फार बारीक झाला होता. "पहिल्यांदाच होतंय माझं."

माझा हात थांबला. एवढाच थांबला, एक श्वास. तेवढ्यात उपळेकरांनी ह्यांच्या खांद्यावर शाल टाकली, तबकातून नारळ उचलला, नमस्कार केला आणि तो नारळ ह्यांच्या छातीतल्या कोनाड्यात ठेवला. तो बरोबर बसला. जरासुद्धा फट राहिली नाही. मी बोटं घालून बघितली, तो हलेना.

हे ताठ बसले. मंडळी उभी राहिली. टाळ्यांच्या आवाजात मला माझ्या हातांतला ठोका ऐकू येईना, नुसता तळव्याला लागत होता, आणि दोन ठोक्यांमधली जागा वाढत चालली होती.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"काकू," तो म्हणाला, "ते हातातलं जरा खाली ठेवता का? फोटोत येतंय."